स्टेलेरियम: पृथ्वी मधे की सूर्य मधे, हे स्वतःच्या स्क्रीनवर तपासून बघायचं असेल तर

स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं, आज रात्री कुठला तारा कुठे आहे, गुरू कधी उगवतो वगैरे बघायला लोक ते वापरतात आणि त्यासाठी ते उत्तमच आहे, त्यावर मी वेगळं काही लिहीत नाही. मी लिहितोय ते एका दुसऱ्याच वापराबद्दल. पृथ्वी मधे ठेवलेली सूर्यमाला आणि सूर्य मधे ठेवलेली सूर्यमाला, या दोन मॉडेलमधला फरक नेमका कुठे आहे आणि कुठे अजिबातच नाहीये, हे समजून घ्यायला मला आजपर्यंत सापडलेलं हे सगळ्यात चांगलं साधन आहे. पुस्तकातल्या आकृत्या बघून जे वर्षानुवर्षं पाठ असतं ते इथे एका संध्याकाळी खरंच कळतं, आणि मुख्य म्हणजे कोणी सांगितलं म्हणून नाही, तुम्ही स्वतः तारीख पुढेमागे करून बघितलंत म्हणून कळतं.

आधी सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. फाबियां शेरो या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली हे सुरू केलं, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. मूळ डाउनलोडमधेच सहा लाखांहून जास्त तारे आहेत. मोबाइलवरची आवृत्ती वेगळी आहे, मी जे लिहितोय ते सगळं लॅपटॉपवरच्या आवृत्तीबद्दल. कीबोर्डवरून जवळजवळ सगळं होतं आणि तीच त्याची खरी मजा आहे: जे, के, एल या बटणांनी वेळ मागे, सरळ आणि पुढे पळवता येते, बरोबरच्या चिन्हाचं बटण दाबलं की एक दिवस पुढे, वजाचं दाबलं की एक दिवस मागे, आठ दाबलं की परत आत्ताची वेळ. जी दाबलं की जमीन गायब, ए दाबलं की हवा गायब, म्हणजे भरदुपारीसुद्धा सूर्याच्या शेजारचे तारे दिसतात. हे शेवटचं फार कामाचं आहे, पुढे लागेल.

आता मुद्द्यावर येतो. सॉफ्टवेअर उघडल्यावर जे दिसतं ते भूकेंद्रित दृश्यच असतं. तुम्ही उभे आहात ती जागा स्थिर, बाकी सगळं तुमच्याभोवती फिरतंय. हे काही चुकीचं नाहीये, दुर्बीण लावणारा प्रत्येक माणूस आजही याच पद्धतीने काम करतो, ताऱ्यांचे पत्ते आकाशाच्या याच गोलावर लिहिलेले असतात. टॉलेमी या ग्रीक खगोलज्ञाने इसवी सन १५० च्या आसपास अलेक्झांड्रियात बसून जे मॉडेल बांधलं ते याच दृश्यावरून, आणि ते बांधताना त्याच्यासमोरचा सगळ्यात मोठा त्रास होता मंगळ.

तर पहिली गोष्ट ही करून बघा. तारीख टाका १ नोव्हेंबर २०२४. जमीन आणि हवा बंद करा. पुनर्वसूतला तेजस्वी तारा, पोलक्स, शोधून सिलेक्ट करा, स्पेसबार दाबून मधे आणा, कंट्रोल आणि एम दाबून विषुववृत्तीय माउंट चालू करा म्हणजे आकाश तिरकं होत बसणार नाही. आता एकेक दिवस पुढे जा. मंगळ पुष्याच्या दिशेने पूर्वेकडे सरकत असतो, मग हळू होतो, ७ डिसेंबरच्या सुमाराला थांबतो आणि मागे फिरतो. वक्री. उलटा चालत चालत १९ एक अंश मागे येतो, २४ फेब्रुवारी २०२५ च्या सुमाराला पुनर्वसूजवळ पुन्हा थांबतो आणि मग मार्गी होतो, म्हणजे परत सरळ चालायला लागतो. वक्री हा शब्द आपण सगळ्यांनी हजार वेळा ऐकलेला असतो पण तो डोळ्यांसमोर घडताना बघितलेली माणसं फार थोडी, आणि ते बघितल्यावर पहिल्यांदा पटतं की जुन्या लोकांनी एवढी वर्तुळं का काढली. हे काही किरकोळ थरथरणं नाहीये. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी अर्धा अंश असते, त्याच्या चाळीसपट जवळपास हा प्रवास उलट्या दिशेने होतो.

टॉलेमीचं उत्तर असं की मंगळ थेट पृथ्वीभोवती फिरत नाही, पृथ्वीभोवती एक मोठं वर्तुळ आहे, त्या वर्तुळावर एका छोट्या वर्तुळाचं केंद्र फिरतं आणि मंगळ त्या छोट्या वर्तुळावर फिरतो. छोटं वर्तुळ म्हणजे एपिसायकल. मंगळ आतल्या बाजूला आला की उलटा जाताना दिसतो. यात हसण्यासारखं काहीच नाहीये, आणि ज्यांना वाटतं की टॉलेमीचं मॉडेल म्हणजे अडाणी कल्पना त्यांनी स्टेलेरियममधे मंगळावर क्लिक करून त्याचा आकार बघावा. जानेवारी २०२५ मधे मंगळाचा व्यास साडेचौदा आर्कसेकंद दाखवतो (एक अंश म्हणजे ६० आर्कमिनिटं, एक आर्कमिनिट म्हणजे ६० आर्कसेकंद), आणि जानेवारी २०२६ मधे तो सूर्याच्या पलीकडे असताना चारच्याही जरा खाली येतो. म्हणजे वक्री असताना मंगळ मोठा आणि तेजस्वी. टॉलेमीच्या मॉडेलमधेही वक्री असतानाच तो जवळ येतो. जुळतं! चौदाशे वर्षं हे मॉडेल टिकलं ते काही कोणाच्या हट्टामुळे नाही, ते आकाशाशी बऱ्यापैकी जुळत होतं म्हणून टिकलं.

मग बिनसलं कुठे? इथे स्टेलेरियमचं खरं सामर्थ्य दिसतं. मंगळ बरोबर सूर्यासमोर, म्हणजे प्रतियुतीत, १६ जानेवारी २०२५ ला होता. वक्री काळ ७ डिसेंबर ते २४ फेब्रुवारी, त्याच्या साधारण मधोमध ही तारीख येते. आता गुरू घ्या. त्याची प्रतियुती ७ डिसेंबर २०२४ ची. मागेपुढे जाऊन बघा, गुरूचा वक्री काळही याच तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. शनीची ८ सप्टेंबर २०२४, परत तेच. प्रत्येक वेळी, या तिघांपैकी प्रत्येक ग्रह, सूर्य विरुद्ध बाजूला असतानाच वक्री असतो. आता टॉलेमीच्या मॉडेलमधे मंगळाच्या एपिसायकलचा आणि सूर्याचा काही संबंध असायचं कारणच नाही, सूर्य हा त्यांच्यासारखाच एक पृथ्वीभोवती फिरणारा गोळा, तरीही मंगळ, गुरू, शनी तिघांनाही आपापल्या छोट्या वर्तुळावर सूर्याशी ताल धरून फिरावं लागतं, आणि बुध-शुक्रांच्या छोट्या वर्तुळांची केंद्रं कायम सूर्याच्याच रेषेत ठेवावी लागतात. का? मॉडेलमधे याला उत्तर नाही. ते तसं आहे म्हणून तसं ठेवलंय.

माझ्या मते दोन मॉडेलमधला खरा फरक हा आहे आणि शाळेत तो कधीच सांगत नाहीत. शाळेत असं सांगतात की सूर्य मधे ठेवल्यावर गणित बरोबर यायला लागलं. तसं झालेलं नाहीये. सूर्य मधे ठेवणाऱ्या कोपर्निकसचं पुस्तक १५४३ ला आलं, त्यातही एपिसायकल आहेत, कारण तोही वर्तुळांवरच अडून होता, आणि मंगळाच्या जागेत दोन्ही मॉडेलची चूक कधीकधी काही अंशांपर्यंत जायची. अचूकतेत कोपर्निकस फारसा पुढे नव्हता. पण त्याच्याकडे त्या 'का'चं उत्तर होतं. सगळ्या ग्रहांच्या हिशोबात जे एक वर्ष, म्हणजे सूर्याचा हा ताल, घुसलंय ते ग्रहांचं नाहीच, ते आपलं आहे. आपण फिरतोय, आतल्या कक्षेतून जास्त वेगाने, आणि मंगळाला गाठून पुढे जाताना तो मागे जाताना दिसतो, आणि गाठतो तेव्हा साहजिकच सूर्य आपल्या पाठीमागे आणि मंगळ समोर. तीन ग्रहांचे तीन योगायोग एका फटक्यात संपतात.

आता एक फार सुंदर गोष्ट जी मी स्टेलेरियमशिवाय कधी बघू शकलो नसतो. एफ सहा दाबलं की जागा बदलायची खिडकी येते आणि त्यात गावंच नाही तर ग्रहसुद्धा निवडता येतो. मंगळ निवडा. तारखा त्याच, डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५. मंगळावर उभं राहून पृथ्वी शोधा, हवा आणि जमीन बंद करा कारण तिथून पृथ्वी या काळात सूर्याच्या आसपास असते, आणि दिवस पुढे ढकला. पृथ्वी वक्री झालेली दिसते. त्याच तारखांना थांबते, त्याच तारखांना परत मार्गी होते! विचार केला तर हे असंच असायला हवं, कारण पृथ्वीवरून मंगळाकडे जाणारी रेघ आणि मंगळावरून पृथ्वीकडे येणारी रेघ एकच, ती उलटी फिरायला लागली की दोन्ही टोकांना एकाच वेळी समजणार. पण विचार करून कळणं आणि ताऱ्यांसमोरून आपली पृथ्वी मागे सरकताना बघणं यात खूप अंतर आहे. वक्री होणं हा मंगळाचा गुण नाहीये, दोघांच्या मधल्या रेघेचा आहे.

त्यानंतर लगेच सूर्यावर जा. सूर्य सिलेक्ट करून कंट्रोल आणि जी. तिथून सगळे ग्रह बघत दिवस पळवा, महिने पळवा. एकही ग्रह कधीच वक्री होत नाही. बुध पळतो, शनी रेंगाळतो, वेग थोडा कमीजास्त होतो, पण उलटं कोणीच फिरत नाही. गुरूवर गेलात तर परत वक्री सुरू, शुक्रावर गेलात तरी सुरू. जिथून बघितलं तर सगळं सरळ चालतं अशी जागा सूर्य आणि आठ ग्रह धरून एकच आहे, सूर्य. मुलांना शिकवणाऱ्यांनी फक्त एवढं एक दाखवलं तरी बास आहे, बाकी आकृत्या नंतर.

पण इथेच थांबलात तर अर्धवट राहील, आणि बरेच लोक इथेच थांबतात. सूर्यावरून सोपं दिसतं याचा अर्थ सूर्य स्थिर आहे असा होत नाही. सोपं आणि खरं या दोन वेगळ्या गोष्टी. सोळाव्या शतकाच्या शेवटी टायको ब्राहे या डॅनिश खगोलज्ञाने मधला मार्ग काढला: बाकीचे ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य त्या सगळ्यांना घेऊन पृथ्वीभोवती. आपल्याकडे केरळात नीलकंठ सोमयाजी यांनी तंत्रसंग्रहात, म्हणजे १५०० च्या आसपास, कोपर्निकसच्या पुस्तकाच्याही चाळीसेक वर्षं आधी, ग्रहांचं गणित अशाच रचनेपर्यंत नेलेलं होतं, पाचही ग्रहांच्या गतीचा मध्य सूर्य. हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. (आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे तर आर्यभटाने ४९९ सालीच मांडलेलं, पण ते रोजच्या फिरण्याबद्दल, वर्षाच्या फिरण्याबद्दल नाही, दोन्हीची गल्लत करू नये.)

टायकोचं मॉडेल आणि कोपर्निकसचं मॉडेल ग्रहांच्या जागांच्या बाबतीत तंतोतंत सारखं उत्तर देतात हे पटत नसेल तर स्टेलेरियममधून ते हाताने करून बघता येतं. एफ सहाच्या यादीतच सोलर सिस्टम ऑब्झर्व्हर नावाची एक जागा आहे, तिथून सूर्यमाला वरून खाली बघितल्यासारखी दिसते. ओ दाबलं की कक्षांच्या रेघा येतात. मंगळापर्यंतचा भाग स्क्रीनभर येईल एवढा झूम करा, महिन्या महिन्याने पुढे जा आणि कंट्रोल एसने स्क्रीनशॉट घेत राहा. प्रिंट काढून ट्रेसिंग पेपरवर फक्त सूर्य, पृथ्वी, शुक्र, मंगळ यांचे ठिपके उतरवा. सगळे कागद सूर्याचे ठिपके जुळवून एकावर एक ठेवा, कोपर्निकस तयार. तेच कागद, काहीही न बदलता, न वळवता, फक्त सरकवून पृथ्वीचे ठिपके जुळवा, टायको तयार. एकही अंतर बदललं नाही, एकही कोन बदलला नाही. पृथ्वीवरून मंगळ कुठल्या दिशेला दिसेल याचं उत्तर दोन्हीत एकच असणार कारण कागद तेच आहेत. म्हणजे नुसत्या ग्रहांच्या जागा मोजून हा वाद कधीच मिटला नसता, कितीही अचूक मोजल्या तरी.

टॉलेमी मात्र इथे बाद होतो, आणि त्याला बाद करतो शुक्र. स्टेलेरियममधे शुक्रावर झूम करून ठेवा आणि तारखा बदला. जून २०२४ मधे शुक्र सूर्याच्या पलीकडे होता, त्यानंतर संध्याकाळच्या आकाशात येतो तेव्हा छोटा, जवळजवळ पूर्ण गोल, साधारण दहा आर्कसेकंदांचा. १० जानेवारी २०२५ च्या आसपास सूर्यापासून ४७ अंश लांब आणि अर्धा. मग मोठा होत होत बारीक कोर आणि २३ मार्चला सूर्याच्या अलीकडून जातो तेव्हा व्यास एक आर्कमिनिटाच्या घरात. टॉलेमीच्या रचनेत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे असतो, म्हणजे तो कायम कोरच दिसायला हवा, जवळजवळ पूर्ण शुक्र दिसणं शक्यच नाही. छोटं वर्तुळ सूर्याच्या पलीकडे ढकललं तर उलटं, कायम पूर्णच दिसेल. दोन्ही दिसायचं तर शुक्राला सूर्याभोवती फिरावंच लागतं. गॅलिलिओने हे १६१० च्या शेवटच्या महिन्यांत दुर्बिणीतून बघितलं. तुम्ही तारीख १६१० करून इटलीतून तोच शुक्र बघू शकता, आणि त्याच वर्षीचा ७ जानेवारीचा गुरूसुद्धा, ज्या संध्याकाळी त्याला गुरूशेजारी चारऐवजी तीनच ठिपके दिसले, कारण दोन उपग्रह इतके जवळ होते की त्याच्या दुर्बिणीत ते एकच वाटले. स्टेलेरियममधे झूम केलं की ते दोन वेगळे दिसतात. चारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या वहीतली नोंद आपण घरी बसून तपासतोय ही गोष्ट मला दर वेळी भारावून टाकते.

चंद्राचंही एक बघण्यासारखं आहे. टॉलेमीच्या चंद्राच्या मॉडेलमधे चंद्राची दिशा छान येते पण अंतर इतकं बदलतं की अष्टमीच्या सुमाराला चंद्र पौर्णिमेच्या जवळजवळ दुप्पट दिसायला हवा. स्टेलेरियममधे चंद्रावर क्लिक करून वर्षभर फिरवा, व्यास साडेएकोणतीस ते साडेतेहतीस आर्कमिनिटांच्या मधेच राहतो. हे तर नुसत्या डोळ्यांनाही कळण्यासारखं होतं, तरी शतकानुशतकं दिशा जुळतेय ना मग झालं असं चालून गेलं.

मग टायको की कोपर्निकस हे कसं ठरलं? पृथ्वी खरंच फिरत असेल तर वर्षभरात जवळचे तारे लांबच्या ताऱ्यांसमोर थोडे हललेले दिसायला हवेत. टायकोने शोधलं, त्याची मोजणी नुसत्या डोळ्यांनी एक-दोन आर्कमिनिटांपर्यंत अचूक होती, त्याला काहीच हललेलं दिसलं नाही, म्हणून त्याने पृथ्वी फिरवली नाही. त्याच्याकडच्या पुराव्यावरून हा निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. १७२८ मधे ब्रॅडली या इंग्लिश खगोलज्ञाला कळलं की सगळेच तारे वर्षभरात साधारण २० आर्कसेकंदांनी हलतात, पृथ्वीचा वेग आणि प्रकाशाचा वेग यांच्या मिळणीमुळे, ज्याला अॅबरेशन म्हणतात. आणि टायको शोधत होता ते ताऱ्याचं हलणं, म्हणजे लंबन, जर्मन खगोलज्ञ बेसेलने १८३८ ला मोजलं, हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं, एका आर्कसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडं कमी. मंगळ सगळ्यात लांब असताना जेवढा दिसतो त्याच्याही दहाव्या भागाएवढं. टायकोला ते दिसणं शक्यच नव्हतं. स्टेलेरियमच्या नव्या आवृत्त्यांत अॅबरेशनचा हिशोबही धरलेला असतो, पण तुम्हाला ते डोळ्यांनी सहज जाणवणार नाही, इतकं ते बारीक आहे. कागदावर कोपर्निकसचं पुस्तक येऊन गेलं त्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी थेट मोजमाप हातात आलं, तोपर्यंत लोकांना पटलेलं होतं ते केप्लर आणि न्यूटनमुळे.

केप्लरबद्दल एकच सांगतो. टायकोच्या मंगळाच्या नोंदींवर त्याने वर्तुळांचं मॉडेल बसवलं तर ८ आर्कमिनिटांची चूक राहत होती, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. त्याआधीच्या कोणीही ती सोडून दिली असती. त्याने सोडली नाही, वर्तुळ सोडलं आणि लंबवर्तुळ घेतलं, १६०९. स्टेलेरियममधे तुम्ही बघता त्या सगळ्या ग्रहांच्या जागा आत त्याच परंपरेतल्या गणिताने निघतात, आधी सूर्यावरून ग्रह कुठे आहे ते काढतात आणि मग ते तुम्ही जिथे उभे आहात तिथून कसं दिसेल यात बदलतात. दिसतं भूकेंद्रित, पण आतलं इंजिन सूर्यकेंद्रित आहे.

आता उणिवा. सॉफ्टवेअर म्हणून नाही, या एका कामासाठी म्हणून सांगतोय. टॉलेमीचं मॉडेल यात चालवून बघता येत नाही, एपिसायकलवाला मंगळ आणि खरा मंगळ शेजारी शेजारी असं काही नाहीये, ते असतं तर फार बहार आली असती. वरून बघायच्या दृश्यात पृथ्वी स्थिर धरून बाकी सगळं फिरवून बघायची सोय हवी होती, ट्रेसिंग पेपरची खटपट वाचली असती. ग्रह त्या दृश्यात नुसते ठिपके दिसतात आणि शनीपर्यंत सगळं एकदम बघायला गेलं की बुध-शुक्र सूर्यात घुसल्यासारखे वाटतात, पण तो दोष सॉफ्टवेअरचा नाही, सूर्यमालाच तशी आहे. नवख्या माणसाला बटणांची संख्या बघून घाबरायला होतं हे खरं आहे, एफ एक दाबलं की मदतीची खिडकी येते, शॉर्टकटही तिथेच मिळतात, पहिल्या दिवशी ती उघडीच ठेवा.

टॉलेमीची उणीव भरून काढायला एक कंपास आणि कागद घ्या, आणि हे नक्की करा कारण मला या सगळ्या विषयात यापेक्षा सुंदर काही माहीत नाही. टॉलेमीने प्रत्येक ग्रहाच्या मोठ्या वर्तुळाची त्रिज्या ६० भागांची धरली आणि त्या मापात छोट्या वर्तुळांच्या त्रिज्या दिल्या: मंगळ साडेएकोणचाळीस, गुरू साडेअकरा, शनी साडेसहा. मंगळाचं ६० मिलिमीटर त्रिज्येचं मोठं आणि साडेएकोणचाळीसचं छोटं वर्तुळ काढून बघा, वक्री वळण तयार होतं. आणि मग नुसता भागाकार करा. ६० भागिले ३९.५ म्हणजे १.५२. ६० भागिले ११.५ म्हणजे ५.२२. ६० भागिले ६.५ म्हणजे ९.२३. आता स्टेलेरियममधे सूर्यावर जाऊन मंगळ, गुरू, शनी यांची अंतरं बघा, खगोलीय एककात, म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर एक धरून, ती रोज थोडी बदलतात पण सरासरी १.५२, ५.२० आणि साडेनऊच्या आसपास. बुध-शुक्रांसाठी भागाकार उलटा करायचा, शुक्राची त्रिज्या ४३ आणि वर थोडी, भागिले ६० म्हणजे ०.७२, खरं अंतरही ०.७२. बुधाची साडेबावीस, भागिले ६० म्हणजे ०.३७५, खरं ०.३८७. सूर्यापासूनची अंतरं टॉलेमीच्या स्वतःच्या आकड्यांत चौदाशे वर्षं पडून होती! त्याने ती मोजलीही बरोबर होती, पण पृथ्वी मधे असल्यामुळे त्या छोट्या वर्तुळांना अंतराचा अर्थच नव्हता, प्रत्येक ग्रहाचं मोठं वर्तुळ आपलं आपण, एकाचं माप दुसऱ्याला लागू नाही. सूर्य मधे ठेवला की मंगळ, गुरू, शनी या तिघांची छोटी वर्तुळं ही एकच वस्तू ठरते, पृथ्वीची कक्षा, वेगवेगळ्या अंतरावरून वेगवेगळी मोठी दिसणारी, आणि सगळ्यांना एकच फूटपट्टी मिळते. त्या फूटपट्टीशिवाय केप्लरचा तिसरा नियम शक्यच नव्हता, काळाचा वर्ग आणि अंतराचा घन यांची जोडी लावायला आधी अंतरं तर पाहिजेत.

आणि हो, सूर्य तरी अगदी स्थिर आहे का, तर नाही. सूर्य आणि गुरू यांचा सामाईक गुरुत्वमध्य सूर्याच्या पृष्ठभागाच्या थोडा बाहेर पडतो, त्यामुळे सूर्यही जरासा फिरतोच. सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या सव्वातीन लाख पटींहून जास्त आहे म्हणून तो मधे, त्याला दुसरा कुठला मान नाही.

कोणी घ्यावं? विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने, दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांच्या आईबाबांनी, आणि ज्यांना वक्री शब्द ऐकून नेमकं काय होतं याची उत्सुकता आहे त्या सगळ्यांनी. पाच पैकी साडेचार, अर्धा टॉलेमी नाही म्हणून कापला. खूप जुना लॅपटॉप असेल तर ग्राफिक्स तेवढं तपासून घ्या. पुढचा मंगळ १९ फेब्रुवारी २०२७ ला प्रतियुतीत आहे, सिंह राशीत, मघाच्या बाजूला, जानेवारीच्या दहा तारखेपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वक्री. स्टेलेरियममधे आधी त्याचा रस्ता काढून ठेवा आणि मग दर आठवड्याला बाहेर जाऊन मंगळ मघापासून किती अंतरावर आहे ते कागदावर टिपत जा, नुसत्या डोळ्यांनी.